टबातलं उरलेलं पाणी

तोमोएला आधी कानांनी सांगितलं, डोळ्यांनी मागाहून.

संध्याकाळची वेळ होती. ती स्वयंपाकघरात मुळा किसत होती आणि न्हाणीघरात सासरे होते, क्यूझो. त्यांचं बेसूर गुणगुणणं चालू होतं. छोट्या बादलीनं अंगावर पाणी ओतल्याचा आवाज येत होता. सगळं रोजच्यासारखंच. तरी तोमोएचा हात किसणीवर थांबला. काहीतरी राहिलं होतं. पहिल्या घासाला कळावं की मीठ घालायचं विसरलं, तसं तिला झालं. काय राहिलं ते मात्र सापडेना.

मग लक्षात आलं. ढब्ब नव्हतं.

क्यूझो म्हणजे आडव्या हाडाचा माणूस. हिमी बंदराच्या धक्क्यावर जन्मभर बोटींची इंजिनं उचकटली, अजूनही खांदे असे की न्हाणीघराच्या दारातून जरा तिरकं व्हावं लागे. असा माणूस काठोकाठ भरलेल्या टबात उतरला की आधी ढब्ब, आणि मग फरशीभर सळ्ळकन पाणी. त्यावर तोमोएनं स्वयंपाकघरातून ओरडायचं, "बाबा! सांडलंत ना माझं धुण्याचं पाणी!" आणि आतून उत्तर यायचं, "मग बारीक सासरा बघायचा होतास, सूनबाई!" ती लग्न होऊन या घरात आल्यापासून हा पाठ कधी चुकला नव्हता. आज तिनं ओरडायला तोंड उघडलं आणि ओरडावं असं काही झालंच नाही. आजच का? कालही झालं नव्हतं. परवाही नसावं.

धुण्याच्या पाण्यावर तोमोएचा भारी जीव. या घरात आंघोळीचं पाणी संध्याकाळी एकदाच तापायचं. पहिला मान आजोबांचा, मग नात वाकाना, शेवटी तोमोए. साबण लावून अंग धुवायचं ते बाहेर फरशीवर, आणि लख्ख झाल्यावर मगच टबात उतरून शेकत बसायचं, त्यामुळे तिघं उतरली तरी पाणी नितळ. तिघांनी पाठोपाठ उरकायचं, म्हणजे पाणी पुन्हा तापवायला नको. वर झाकण. सकाळी ते पाणी कोमट असतंच, त्यात पंपाची नळी सोडायची आणि वॉशिंग मशीनमध्ये ओढायचं. बाहेर बर्फ पडत असताना नळाच्या गारढोण पाण्यात कॉलरचा मळ काय सुटणार, डोंबल? एकदाच जाळलेला गॅस दोनदा कामाला आला पाहिजे, हा तोमोएचा बाणा. शेवटचं खळबळणं तेवढं नळाच्या पाण्यात. कपडे वाळवायचं यंत्र म्हणजे तिच्या मते भिंतीला भोक पाडून वीज गल्लीत ओतणं. कपडे माळ्याखालच्या खोलीत दोऱ्यांवर, लांब कपडे कडेला, आखूड मधे, म्हणजे हवा खेळते. वाकाना तिला घरातली ऊर्जामंत्री म्हणायची, आणि ते काही कौतुक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन पाणी ओढून थांबलं तेव्हा तोमोएनं पंपाच्या तोंडाची जाळी काढून उजेडात धरली. एरवी ती जाळी टिचकी मारून झटकायची नि पुढच्या कामाला लागायची. आज चश्मा लावून बघितलं. वाकानाचा लांब केस होता. तिचा स्वतःचा, टोकाला रंग उतरलेला, तोही होता. पण सासऱ्यांचे ते आखूड, चांदीच्या तारेसारखे केस? एकही नव्हता.

"काय गं बघतेस एवढं?" वाकाना दात घासत दारात उभी होती.

"काही नाही."

"आई, तू आता केस पण वाचवणार आहेस का?"

"जा, शाळेला उशीर होईल," तोमोए म्हणाली. पण डोक्यात किडा वळवळायला लागला होता.

क्यूझो रोज न्हाणीघरात जात होते, सगळ्यांच्या आधी जात होते, आणि टबात उतरत नव्हते. भर थंडीत, ज्या न्हाणीघरात श्वासाची वाफ दिसते तिथे, अंगावर चार बादल्या ओतून बाहेर येत होते. आणि वर गुणगुणत होते, म्हणजे नाटक चालू होतं. आता तिला हेही आठवलं की ते हल्ली खोकत होते आणि बाहेर आल्यावर त्यांचे कान लालबुंद नसत. पूर्वी कसे उकडलेल्या ऑक्टोपससारखे बाहेर यायचे!

आणि दुसरी एक गोष्ट होती, जी तिला आधीपासूनच खात होती. थोडे दिवस आधी जेवताना क्यूझोंनी भाताचा वाडगा खाली ठेवून सांगितलं होतं की नववर्षाला नोबुहिको आला की परतताना मी त्याच्याबरोबर निघेन. नोबुहिको म्हणजे त्यांचा मुलगा, तोमोएचा नवरा. नोकरीपायी तो एकटा नागोयाला राहायचा. तिथून पुढे ते ओकायामाला, लेकीकडे, यासुयोकडे जाणार होते.

"किती दिवस?" तोमोएनं विचारलं होतं.

"आता तिकडेच. तिकडे बर्फ नाही, ऊन असतं म्हणे रोज."

"असतं म्हणे! बाबा, यासुयोताईंच्या लग्नाला गेलात तेव्हा रात्रीच्या गाडीनं परत आलात तुम्ही. का, तर दुसऱ्याच्या घरच्या टबात पाय लांब करता येत नाहीत."

"माणूस म्हातारा झाला की आखडतो. आता मावेन," ते म्हणाले आणि लोणच्याचा तुकडा कुडुमकुडुम चावत बसले. पुढं ताकास तूर लागू दिली नाही.

तेव्हापासून त्यांची जुनी जाड कापडाची पिशवी, खांद्याला लावायच्या रुंद पट्ट्याची, देवघराच्या खोलीतल्या कोनाड्यात भरून ठेवलेली होती. बोटीवर अवजारं नेताना हीच पिशवी असायची. तोमोए तिथे झाडायला गेली की तिचं लक्ष आधी पिशवीकडे जाई. तिला राग येई, रडू येई, आणि खरं सांगायचं तर अपमानही वाटे. घर त्यांचं. टब त्यांनी स्वतः बसवलेला. नवरा वर्षातून मोजक्या वेळा घरी. ही पोर वाढवली ती तिनं आणि या म्हाताऱ्यानं मिळून. आणि आता ऊन असतं म्हणे! कुठंतरी पाणी मुरत होतं. कुठं, ते शोधल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं, आणि नोबुहिको यायच्या आत शोधायला हवं होतं.

आधी तिला वाटलं, गुडघे. टबाचा काठ उंच आहे, पाय वर घेववत नसेल, सांगायची लाज वाटत असेल. म्हणून तिनं मुद्दाम वरच्या फळीवरचा भाजीचा मोठा टोप काढायला सांगितला. क्यूझो स्टुलावर चढले, टोप काढला, त्यात डोकावून म्हणाले, "यात कोळी मेलाय," आणि टुणकन खाली उतरले. म्हणजे गुडघे नव्हेत.

मग वाटलं, चक्कर येत असेल. पण बर्फ साफ करायचं फावडं ते असं चालवत होते की शेजारच्या मियामुरा आजींच्या दारातलाही ढीग त्यांनीच हलवला. चक्करही नव्हे.

मग आला वर्षातला सगळ्यात लहान दिवस.

त्या दिवशी टबात युझूची फळं सोडायची असतात, पिवळीधमक, लिंबापेक्षा मोठी. सर्दी होत नाही म्हणतात, आणि घरभर असा वास सुटतो की न्हाणीघराबाहेर निघवत नाही. फावड्याच्या बदल्यात मियामुरा आजींनीच पिशवीभर दिली होती. तोमोएनं ती पाण्यात सोडली, झाकण घातलं आणि क्यूझोंना हाक मारली. आज ती मुळा किसत नव्हती, मासा साफ करत होती, तर आतून आलं:

ढब्ब! आणि सळ्ळकन पाणी. एक युझू उडून दारावर आपटलेलंसुद्धा ऐकू आलं.

तोमोए ओरडायचं विसरली. खवल्यांचे हात तसेच घेऊन ती न्हाणीघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली. आतून लांबलचक, सुखाचा, हाडापासून निघालेला "आऽऽह" आला. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. किती दिवसांनी बसला म्हातारा पाण्यात! ते बराच वेळ बसले. बाहेर आले तेव्हा कान लाल होते.

"काय बाबा, आज मुक्काम केलात आत?"

"युझू होतं ना. वर्षातून एकदा येतं," ते म्हणाले आणि नजर चुकवून टॉवेलनं डोकं पुसत निघून गेले.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा बादल्यांचे आवाज आणि गुणगुणणं. ढब्ब नाही.

आता युझूत असं काय होतं? भांडी घासता घासता तोमोए तेच घोळवत होती. वास? वासासाठी उतरले? एवढे शौकीन ते कधीच नव्हते. मग त्या दिवशी दुसरं काय वेगळं होतं? पाणी तेच, टब तोच. आणि एकदम तिचा हात थबकला. युझूच्या दिवसाचं पाणी मशीनला लावत नाहीत. साली सुटतात, बिया पंपात अडकतात. घरात सगळ्यांना ठाऊक होतं ते. ते पाणी सकाळी सरळ मोरीत सोडून दिलं होतं, आणि सोडताना ती हळहळलीही होती.

म्हणजे पाणी धुण्याला जाणार नसलं, तरच म्हातारा उतरत होता?

छे! असं कसं असेल? पण तिनं ठरवलं, बघूच. दुसऱ्या दिवशी जेवणाची तयारी करता करता ती मोठ्यानं, कुणाला उद्देशून नाही अशा सुरात म्हणाली, "वाकाना, कपडे उद्या टाकू नकोस गं. दोऱ्या सगळ्या भरल्यात, एक पायमोजा वाळेल तर शपथ. उद्या धुणं नाही."

"अगं पण माझा शर्ट..."

"उद्या धुणं नाही म्हणाले ना!"

क्यूझो वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटलं. थोड्या वेळानं खाकरून उठले, टॉवेल खांद्यावर टाकला आणि गेले. तोमोए बोळात भिंतीला टेकून उभी राहिली. स्वतःच्या घरात चोरासारखं कान लावून! वाकानानं खोलीतून डोकं काढलं, तिला तोमोएनं बोटानं गप्प केलं.

ढब्ब. सळ्ळ. "आऽऽह."

"आई, काय चाललंय?" वाकाना कुजबुजली.

"आजोबा टबात उतरले."

"मग? आंघोळीला गेल्यावर माणूस काय झाडावर चढतो?"

"तुझे आजोबा हल्ली धुणं नसलं तरच टबात उतरतात. असले की बाहेरच बादल्या ओतून घेतात. इतक्या थंडीत. मला एवढं सांग, का?"

वाकाना हसायला गेली. मग तिचं तोंड तसंच राहिलं आणि रंग उतरला. तोमोए तिच्याकडे बघत होती, आणि बघता बघता तिलाही आठवलं. आठवलं म्हणजे काय, कुणी मुस्काटात मारल्यासारखं समोर उभं राहिलं.

पानगळ संपत आली होती तेव्हाची गोष्ट. मशीनजवळ दोघी उभ्या होत्या. वाकाना रडवेली होऊन म्हणाली होती, "आई, माझ्या शर्टाला आजोबांचा वास येतो. बँडमध्ये शेजारी बसते ना मिसुझु, ती म्हणाली, तुमच्याकडे कुणी म्हातारं आहे का. मी मेले गं लाजेनं!" तोमोए नुकतीच कामावरून आली होती. माशाच्या वड्यांच्या कारखान्यात दिवसभर उभं राहून तिचं नाक केव्हाच बथ्थड झालं होतं, तिला कसलाच वास येत नसे. पाय दुखत होते. वाद नको म्हणून ती हसून म्हणाली होती, "म्हातारपणाचा वास पाण्यातसुद्धा उतरतो म्हणे. आजोबांना उद्यापासून शेवटी पाठवूया आंघोळीला, हाय काय नि नाय काय!" आणि सरकतं दार उघडलं तर बोळात क्यूझो उभे होते, खांद्यावर टॉवेल. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. म्हणाले होते, "गॅस बंद केलास ना?" बस, एवढंच. तिला तेव्हा काही वाटलंसुद्धा नाही. कागदाचं दार ते, पलीकडे उंदीर खाकरला तरी ऐकू येतं!

"त्यांनी ऐकलं," वाकाना म्हणाली. तिचा आवाज फुटला होता. "आई, त्यांनी ऐकलं. म्हणून चाललेत ते."

"तू एकटी नाही बोललीस. मी मोठी असून दात काढले," तोमोए म्हणाली. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की भिंतीतून मागे सरकता आलं असतं तर ती सरकली असती.

आता सरळ जाऊन पाय धरावेत, संपलं. पण तोमोए ती तोमोए. काहीतरी अजून जुळत नव्हतं. बोळातच उभी राहून तिनं विचारलं, "वाकाना, खरं सांग. शर्टाला वास अजून येतो?"

"आता कशाला तो विषय?"

"येतो की नाही?"

"येतो," वाकाना रडत म्हणाली. "परवाच्या शर्टालाही होता. जास्तच."

"अगं वेडे! मग आजोबांचा कसा असेल? धुण्याला जाणाऱ्या पाण्यात आजोबा किती दिवसांत उतरलेच नाहीयेत!"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आतून क्यूझोंचं गुणगुणणं येत होतं, आज खरं.

दुसरा दिवस रविवार. क्यूझो धक्क्यावर जुन्या सोबत्यांकडे गेल्याबरोबर दोघींनी मशीनचा कोपरा उपसायला घेतला. तोमोएच्या नाकाचा उपयोग नव्हता, तेव्हा हुंगायचं काम पोरीचं. आईनं एकेक वस्तू पुढे करायची आणि लेकीनं नाक लावायचं.

"साबणाची पूड?"

"फुलांचा वास येतो. खोटा, पण फुलांचा."

"मशीनचं भांडं?"

वाकानानं कमरेपर्यंत वाकून आत डोकं घातलं. "इथे थोडा आहे. पण थोडाच."

"टब?"

"काही नाही."

"वाळवायची खोली?"

"ओलसर आहे. पण तो नाही, आई. तो वेगळा आहे. आंबूस, कुबट, जुन्या... जुन्या माणसासारखा," ती म्हणाली आणि जीभ चावली.

शेवटी उरली बादली. मशीनच्या मागे, भिंतीच्या फटीत. त्यात पंपाची नळी वेटोळं करून ठेवलेली होती. तोमोएनं बादली ओढली आणि नळीचं एक टोक धरून वर उचललं. दुसऱ्या टोकातून आधी थोडं पाणी ओघळलं. मग काळपट हिरवं काहीतरी, बुळबुळीत, गचकन बादलीत पडलं.

वाकाना किंचाळून मागे सरली. "हाच! आई, हाच वास! ईऽऽ! रोज यातनं पाणी जातं आपल्या कपड्यांवर?"

आणि या खेपेला तोमोएच्या बथ्थड नाकालासुद्धा कळलं.

ती तिथेच बसली. पंप नवा होता. जुना पंप उन्हाळ्याच्या शेवटी बिघडला तोवर धुणं झालं की नळी कोण सोडवायचं? क्यूझो. कुणी सांगितलं नव्हतं. सकाळचा चहा झाला की ते यायचे, नळी उंच धरून झटकायचे, थेंबन् थेंब काढायचे आणि मागच्या पडवीतल्या खिळ्याला अशी टांगायचे की दोन्ही तोंडं खाली. इंजिनवाला माणूस, नळीत पाणी राहिलेलं त्याला खपायचंच नाही. नवा पंप आला तेव्हाही ते आले होते. आणि तोमोएच म्हणाली होती, "राहू दे बाबा, नवीन आहे, ओढाओढीत तुटेल. मी बघते." नव्या नळीला टांगायला कडीही नव्हती, खिळ्यावर ठेवली तर घसरायची. तिनं ती गुंडाळून बादलीत टाकली आणि रोज टाकत गेली. वास त्यांचा नव्हताच. त्यांचा हात काढून घेतला, तिथून तो सुरू झाला होता.

क्यूझो परतले, कोट झटकला, रजई लावलेल्या गरम मेजात पाय घालून बसले आणि संत्रं सोलायला घेतलं. तोमोए बादली घेऊन आत आली आणि त्यांच्यासमोर ठेवली. मागे दाराआड वाकाना.

"वास घ्या, बाबा."

"मी काय कुत्रा आहे?"

"घ्या म्हणते ना."

त्यांनी वाकून वास घेतला आणि ताडकन मागे झाले. "काय मेलंय हे?"

"पंपाची नळी. तुम्ही टांगायचात तेव्हा काही मरत नव्हतं तिच्यात. मी बादलीत कोंबून ठेवली. शर्टाला हाच वास येत होता, तुमचा नाही. त्या दिवशी मी जे बोलले ते तुम्ही दाराआडून ऐकलंत ना?"

क्यूझोंनी संत्र्याची साल हळूहळू एकात एक घडी करून ठेवली. "कान तेवढे शाबूत आहेत माझे," ते म्हणाले.

"मग माझं डोकं का नाही फोडलंत?"

"पोरीचं वय आहे. शाळेत चार पोरींनी नाक मुरडलं की या वयात जीव नकोसा होतो. आणि तुझं ते पाणी वाचवणं. मी म्हटलं, मी उतरलोच नाही तर तुझं पाणी तुला राहील, पोरीचा शर्टही चांगला राहील. पण तरी ती मध्यंतरी शर्टाला अत्तर मारत होती. मग म्हटलं, आता पाण्यातलाच नाही, घरभर झाला असणार." ते थांबले. "आपला वास आपल्याला येत नाही ना. दुसरा सांगेल तेच खरं मानावं लागतं."

दाराआडून हुंदका आला आणि वाकाना धाडकन येऊन त्यांच्या पाठीवर पडली. तोंड त्यांच्या स्वेटरमध्ये खुपसून काहीतरी बोलत होती, त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं.

"अगं, संत्रं चेंगरलं माझं," क्यूझो म्हणाले. त्यांनी हात मागे नेऊन तिच्या डोक्यावर थोपटलं.

"बाबा, माझं चुकलं," तोमोए म्हणाली. "तुम्ही जाऊ नका. जायचंच असेल तर उन्हासाठी जा, आमच्यासाठी नका जाऊ."

क्यूझोंनी बादली पुढे ओढून नळीत बोट घातलं, बाहेर काढून निरखलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर धक्क्यावरचा जुना तिरसटपणा आला. "ही काय नळी ठेवायची पद्धत झाली? व्हिनेगर आण. कढत पाणी आण. आणि जुना कपडा, तारेला बांधून. बोट असती ना तुमची, तर कधीच बुडाली असती दोघींची!" सबंध दुपार ते त्या नळीशी झटत होते. वाकाना तार धरून बसली होती आणि शिव्या खात होती.

संध्याकाळी त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. जाता जाता स्वयंपाकघराच्या दाराशी जरा रेंगाळले.

"उद्या धुणं आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे," तोमोए म्हणाली. "ढीगभर आहे."

"आजोबा!" वाकाना आतून ओरडली. "माझा शर्ट आहे त्यात! उतरल्याशिवाय बाहेर आलात तर बघा!"

तोमोए मुळा किसायला बसली, पण किसत नव्हती. बादल्यांचे आवाज आले. एक. आणखी एक. मग काहीच नाही. ती शांतता इतकी लांबली की तिला वाटलं, गेलं सगळं, म्हाताऱ्यानं मनाला लावून घेतलंय ते काही निघायचं नाही.

ढब्ब!

"बाबा!" ती इतक्या जोरात ओरडली की मुळा हातातून उडाला. "सांडलंत ना माझं धुण्याचं पाणी!"

मग खोकत, हसत, वाफेतून आवाज आला, "मग बारीक सासरा बघायचा होतास, सूनबाई!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन पाणी ओढून थांबलं. तोमोएनं जाळी काढून बघितली, त्यात तीन तऱ्हेचे केस होते. तेवढ्यात शेजारच्या मियामुरा आजींनी हाक मारली म्हणून ती पुढच्या दाराशी गेली, आणि परत येऊन बघते तो नळी गायब. बादली कोरडी, पालथी घातलेली.

ती मागच्या पडवीत गेली. बाहेर बर्फ भुरभुरत होतं. नळी जुन्या खिळ्याला टांगलेली होती, दोन्ही तोंडं खाली, आणि टोकांवरून थेंब गळत होते. कडी नव्हती तिथे आता एक रुंद, जाड कापडाचा पट्टा होता, मापात कापून, मजबूत टाके घालून शिवलेला. त्या पट्ट्यावर जुन्या इंजिन-तेलाचे डाग होते.

तोमोएनं तो ओळखला. ती तशीच देवघराच्या खोलीत गेली. पिशवी कोनाड्यातच होती, पण रिकामी होऊन चपटी पडलेली. खांद्याला लावायचा पट्टा तिला आता नव्हता.